विश्लेषण : इराकमधील ‘न सापडलेल्या’ अस्त्रांचा वाद काय होता? गुप्तचर माहिती चुकली की फुगवली गेली?

सद्दाम हुसेन यांच्याकडे रासायनिक व जैविक अस्त्रे आहेत आणि अण्वस्त्राचीही तयारी सुरू आहे, असे सांगून अमेरिका आणि ब्रिटनने मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला केला. तीन आठवड्यांत बगदाद पडले. अस्त्रांचे साठे मात्र सापडले नाहीत. तेव्हापासून एक प्रश्न दोन्ही देशांच्या राजकारणाची पाठ सोडत नाही. गुप्तचर यंत्रणांचा अंदाज प्रामाणिकपणे चुकला होता, की युद्धाचा निर्णय आधी झाला आणि त्याला साजेशी माहिती नंतर गोळा केली गेली? जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर अमेरिकेने बॉम्ब टाकले, तेव्हाही हाच प्रश्न नव्याने विचारला गेला. या वादातील दावे, त्यांचा उगम आणि चौकशी समित्यांचे निष्कर्ष यांचा हा आढावा.

संशयाला आधार होता का?

होता. सद्दाम यांनी इराणविरुद्धच्या युद्धात रासायनिक अस्त्रे वापरली होती. मार्च १९८८ मध्ये हलब्जा या कुर्द शहरावर विषारी वायू सोडून हजारो नागरिकांचा बळी घेतला गेला. १९९१च्या आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी इराकवर अस्त्रे नष्ट करण्याची अट घातली आणि निरीक्षक पाठवले. इराकने सुरुवातीला बरेच काही दडवले. जैविक अस्त्रांचा कार्यक्रम तर १९९५ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी कबूल केला.

त्याच वर्षी सद्दाम यांचे जावई आणि शस्त्रास्त्र कार्यक्रमाचे प्रमुख हुसेन कामेल जॉर्डनला पळून गेले. त्यांनी निरीक्षकांना सांगितले, की साठे नष्ट करण्यात आले आहेत. पण लपवाछपवीचा इतिहास पाहता या विधानाकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या बॉम्बहल्ल्यांपूर्वी निरीक्षक बाहेर पडले आणि पुढची चार वर्षे इराकमध्ये कोणाचेच डोळे उरले नाहीत. मिळत होती ती उपग्रहांची छायाचित्रे, चोरून ऐकलेली संभाषणे आणि देशाबाहेर पळालेल्या इराकींच्या कहाण्या. ‘त्याने पूर्वी लपवले होते, म्हणजे आताही लपवत असणार’ हे गृहीतक या काळात पक्के झाले. फ्रान्स, जर्मनी यांसारख्या युद्धविरोधी देशांच्या यंत्रणांनाही इराककडे काहीतरी शिल्लक असावे असे वाटत होते. पण ‘काहीतरी असावे’ आणि ‘युद्ध करावे इतका तातडीचा धोका आहे’ या दोन गोष्टींत मोठे अंतर होते. वाद त्या अंतराचा आहे.

ब्रिटनचे ‘डॉसियर’ आणि ४५ मिनिटांचा दावा काय होता?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेचा रोख इराककडे वळला. २६ ऑगस्ट २००२ रोजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी, सद्दाम यांच्याकडे सर्वसंहारक अस्त्रे आहेत यात शंकाच नाही, असे जाहीर केले. ब्रिटनमध्ये मात्र पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना स्वपक्षाचीच मनधरणी करायची होती. त्यासाठी २४ सप्टेंबर २००२ रोजी पार्लमेंटचे खास अधिवेशन बोलावून सरकारने एक दस्तावेज प्रसिद्ध केला. तो ‘सप्टेंबर डॉसियर’ म्हणून ओळखला जातो. आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक काही रासायनिक वा जैविक अस्त्रे डागण्यास सज्ज करू शकतो, हा त्यातील सर्वाधिक गाजलेला दावा.

दुसऱ्या दिवशीच्या टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ असा लावला, की सायप्रसमधील ब्रिटिश तळ पाऊण तासात नष्ट होऊ शकतात. प्रत्यक्षात मूळ माहिती रणांगणावरील तोफगोळे आणि कमी पल्ल्याच्या शस्त्रांबद्दल होती, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांबद्दल नव्हती. तीही एकाच स्रोताकडून, ऐकीव स्वरूपात आली होती. डॉसियरमध्ये हा फरक स्पष्ट केलेला नव्हता. संरक्षणमंत्री जेफ हून यांना तो ठाऊक होता, पण वृत्तपत्रांतील मथळे दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला नाही. युद्धाला मंजुरी देणाऱ्या मतदानाच्या वेळी आपल्याला हा फरक माहीत नव्हता, अशी कबुली ब्लेअर यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये पार्लमेंटमध्ये दिली. त्यावर, तुम्हाला तो माहीत नव्हता हे अनाकलनीय आहे, असा विरोधकांचा सूर होता. मंत्रिमंडळातील रॉबिन कुक यांना तो माहीत होता.

डॉसियरला जोडलेल्या प्रस्तावनेत, इराकचा अस्त्रनिर्मितीचा कार्यक्रम सुरू असल्याचे ‘निःसंशय’ सिद्ध झाल्याचे ब्लेअर यांनी लिहिले होते. गुप्तचर यंत्रणांच्या मूळ टिपणांत इतकी खात्री नव्हती. तिथे माहिती ‘तुरळक’ आणि ‘विखुरलेली’ असल्याची कबुली होती. फेब्रुवारी २००३ मध्ये सरकारने आणखी एक दस्तावेज पत्रकारांना दिला. त्याचा मोठा भाग एका संशोधक विद्यार्थ्याच्या जुन्या लेखातून जवळपास जसाच्या तसा उचललेला निघाला आणि सरकारची नाचक्की झाली.

अमेरिकेतील ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे प्रकरण काय?

इराकने मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एक खेप २००१ मध्ये जॉर्डनमध्ये पकडण्यात आली. या नळ्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, असे सीआयएच्या विश्लेषकांचे म्हणणे होते. सेंट्रिफ्यूजचे खरे जाणकार अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात होते. त्यांचे मत वेगळे होते. ८१ मिलिमीटर व्यासाच्या या नळ्या इराक पूर्वीपासून वापरत असलेल्या तोफखान्याच्या रॉकेटशी तंतोतंत जुळत होत्या आणि सेंट्रिफ्यूजसाठी त्यांची लांबी, जाडी गैरसोयीची होती.

८ सप्टेंबर २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या नळ्यांची बातमी पहिल्या पानावर छापली. ती प्रशासनातील सूत्रांकडून मिळाली होती. त्याच दिवशी चेनी आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस यांनी दूरचित्रवाणीवर त्या विषयावर भाष्य केले. भक्कम पुरावा मिळेपर्यंत थांबलो तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपातच समोर येईल, असा राइस यांच्या बोलण्याचा आशय होता. सरकारी सूत्राने माहिती द्यायची, वृत्तपत्राने ती छापायची आणि मग सरकारने त्याच बातमीचा हवाला द्यायचा, असे हे चक्र होते. मे २००४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या युद्धपूर्व वार्तांकनातील उणिवा संपादकीय टिपणाद्वारे मान्य केल्या. उलट ‘नाइट रिडर’ या वृत्तसमूहाचे वार्ताहर यंत्रणांच्या खालच्या फळीतील असहमती सातत्याने मांडत होते. त्यांच्या बातम्यांकडे मात्र तेव्हा दुर्लक्ष झाले.

ऑक्टोबर २००२ मध्ये सर्व गुप्तचर यंत्रणांचा एकत्रित अंदाज घाईघाईने, सुमारे तीन आठवड्यांत तयार झाला. त्यात ऊर्जा खाते आणि परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाने नळ्यांबाबत नोंदवलेली असहमती होती. पण ती गोपनीय प्रतीत. जनतेसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीतून ‘आमच्या मते’, ‘आमचा कयास आहे’ यांसारखे शब्द गळाले आणि कयासांची विधाने झाली. गोपनीय प्रत वाचण्याची सोय खासदारांना होती, पण ती मुळातून वाचणारे मोजकेच निघाले. सेनेटच्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहॅम यांनी ती वाचली आणि युद्धाच्या ठरावाविरोधात मत दिले. ठराव प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३ आणि सेनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला.

नायजरमधून युरेनियम खरेदीचा दावा कसा कोसळला?

अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी २८ जानेवारी २००३ च्या ‘स्टेट ऑफ द युनियन’ भाषणात, सद्दाम यांनी अलीकडेच आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणात युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला कळले आहे, असे सांगितले. इंग्रजीत हे वाक्य १६ शब्दांचे होते. याच दाव्याचा उल्लेख सीआयएने ऑक्टोबरमधील एका भाषणातून काढायला लावला होता. तीन महिन्यांनी तो ब्रिटनच्या नावाने परत आला.

या दाव्याशी संबंधित, इटलीमार्गे आलेली कागदपत्रे अमेरिकेने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला दिली. त्यांत सहज पकडता येतील अशा चुका होत्या. कित्येक वर्षांपूर्वी पद सोडलेल्या मंत्र्याची सही त्यावर होती. संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ रोजी सुरक्षा परिषदेत, ही कागदपत्रे अस्सल नसल्याचे सांगितले. युद्धाला दोन आठवडेही उरले नव्हते.

जुलै २००३ मध्ये माजी राजदूत जोसेफ विल्सन यांनी लेख लिहून, सीआयएच्या विनंतीवरून आपण नायजरला जाऊन आलो होतो आणि तिथे काहीच आढळले नव्हते, असे उघड केले. ते वाक्य भाषणात यायला नको होते, हे व्हाइट हाउसला मान्य करावे लागले. आठवडाभरात विल्सन यांच्या पत्नी व्हॅलरी प्लेम या सीआयएच्या अधिकारी असल्याचे एका स्तंभलेखकाने छापले. गुप्तचर अधिकाऱ्याची ओळख फोडल्याच्या या प्रकरणाच्या चौकशीत चेनी यांचे सहायक लुइस ‘स्कूटर’ लिबी २००७ मध्ये खोटी साक्ष आणि न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरले. बुश यांनी त्यांचा तुरुंगवास रद्द केला आणि २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. ब्रिटनची बाजू येथे थोडी वेगळी आहे. आमचा दावा त्या बनावट कागदांवर नव्हे, तर अन्य माहितीवर आधारित होता, असे ब्रिटन सांगत राहिला आणि लॉर्ड बटलर यांच्या समितीने ते ग्राह्यही धरले.

‘कर्व्हबॉल’ कोण होता?

५ फेब्रुवारी २००३. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत हातात छोटी कुपी धरून अँथ्रॅक्सचा धोका समजावला. इराककडे ट्रकवर उभारलेल्या, फिरत्या जैविक प्रयोगशाळा आहेत, असे त्यांनी चित्रांसह दाखवले. बुश प्रशासनात सर्वाधिक विश्वासार्हता पॉवेल यांची होती. म्हणून या भाषणाचा परिणामही सर्वाधिक झाला.

फिरत्या प्रयोगशाळांची मुख्य कहाणी जर्मनीत आश्रय घेतलेल्या एका इराकी रसायन अभियंत्याची होती. त्याचे सांकेतिक नाव ‘कर्व्हबॉल’. तो जर्मन गुप्तचर यंत्रणेच्या ताब्यात होता आणि युद्धापूर्वी सीआयएने त्याची थेट चौकशी केलेली नव्हती. त्याच्या माहितीची पडताळणी करता येत नसल्याचे जर्मनांनी कळवले होते. या कहाणीला दुजोरा देणाऱ्या दुसऱ्या एका स्रोताबद्दल तर अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेने मे २००२ मध्येच ‘हा माणूस बनाव रचतो’ अशी सूचना काढली होती. ती सूचना भाषणाची तयारी करणाऱ्यांपर्यंत पोहोचलीच नाही. २०११ मध्ये ‘कर्व्हबॉल’ने एका ब्रिटिश दैनिकाला मुलाखत देऊन, सद्दाम राजवट उलथावी म्हणून आपण खोटे बोललो, अशी कबुली दिली.

इराक आणि अल-कायदा यांच्यातील कथित संबंधांचा भाग याहून गंभीर होता. अल-कायदाच्या लोकांना इराकने रासायनिक-जैविक अस्त्रांचे प्रशिक्षण दिल्याची माहिती इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याने दिली होती. अमेरिकेने त्याला चौकशीसाठी इजिप्तच्या हवाली केले होते. छळापासून सुटका व्हावी म्हणून आपण ते सांगितले, असे त्याने नंतर सांगितले आणि जबाब फिरवला. हे भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे, असे पॉवेल यांनी २००५ मध्ये मान्य केले.

निरीक्षकांना काय आढळले?

सुरक्षा परिषदेचा १४४१ क्रमांकाचा ठराव ८ नोव्हेंबर २००२ रोजी १५ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला आणि महिनाअखेरीस निरीक्षक इराकमध्ये परतले. त्यांचे प्रमुख होते स्वीडनचे मुत्सद्दी हान्स ब्लिक्स. इराकने सुमारे १२ हजार पानांचे निवेदन दिले, पण त्यात नवे फारसे नव्हते. जुन्या साठ्यांचा हिशेब लागत नव्हता आणि ब्लिक्स यांनी त्याबद्दल इराकवर टीकाही केली.

तरीही निरीक्षकांनी सातशेहून अधिक पाहण्या केल्या. त्यांत पाश्चात्त्य यंत्रणांनी सुचवलेल्या ठिकाणांचाही समावेश होता. सक्रिय अस्त्रकार्यक्रमाचा पुरावा कुठेच आढळला नाही. परवानगीपेक्षा जास्त पल्ल्याची ‘अल समूद-२’ क्षेपणास्त्रे मात्र सापडली आणि निरीक्षकांच्या देखरेखीखाली ती नष्ट करण्याचे कामही सुरू झाले. ब्लिक्स यांनी आणखी काही महिन्यांचा अवधी मागितला. येथे एक विसंगती होती, जी नंतर वारंवार दाखवली गेली. अस्त्रे आहेत याची शंभर टक्के खात्री असलेल्यांना ती कुठे आहेत हे निरीक्षकांना सांगता येत नव्हते. निरीक्षकांना १८ मार्चला इराक सोडावा लागला. दोन दिवसांत हल्ला सुरू झाला.

ब्रिटिश पार्लमेंटमध्ये काय घडले?

लंडनमध्ये फेब्रुवारीत युद्धाविरोधात प्रचंड मोर्चा निघाला होता. १७ मार्च २००३ रोजी, पूर्वी परराष्ट्रमंत्री राहिलेले आणि तेव्हा हाउस ऑफ कॉमन्सचे नेते असलेले रॉबिन कुक यांनी राजीनामा दिला. सर्वसाधारणपणे ज्याला सर्वसंहारक अस्त्र म्हणतात, म्हणजे एखाद्या शहरावर टाकता येईल असे विश्वासार्ह अस्त्र, ते इराककडे बहुधा नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. कुक यांना गुप्तचर यंत्रणेने दिलेली माहितीच ब्लेअर यांच्यापुढेही होती. त्याच कागदांवरून दोन अनुभवी नेत्यांनी दोन टोकांचे निष्कर्ष काढले.

दुसऱ्या दिवशी सरकारचा ठराव ४१२ विरुद्ध १४९ मतांनी संमत झाला. युद्धाची गरज अद्याप सिद्ध झालेली नाही, अशा आशयाच्या दुरुस्तीच्या बाजूने २१७ मते पडली. त्यांत मजूर पक्षाचेच १३९ खासदार होते. चार्ल्स केनेडी यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष विरोधात होता. प्रमुख विरोधी हुजूर पक्षाने मात्र सरकारला साथ दिली आणि ब्लेअर तरले.

अस्त्रे न सापडल्यावर वाद कसा पेटला?

२९ मे २००३ रोजी सकाळी बीबीसीच्या रेडिओ कार्यक्रमात वार्ताहर अँड्र्यू गिलिगन यांनी, डॉसियर सरकारने मुद्दाम अधिक भडक केले आणि ४५ मिनिटांचा दावा चुकीचा असावा हे सरकारला ठाऊक होते, अशा आशयाचा आरोप एका सूत्राच्या हवाल्याने केला. ब्लेअर यांचे माध्यमप्रमुख ॲलिस्टर कॅम्पबेल आणि बीबीसी यांच्यात जाहीर जुंपली. हे सूत्र म्हणजे संरक्षण खात्याचे जैविक अस्त्रतज्ज्ञ आणि इराकमधील माजी निरीक्षक डॉ. डेव्हिड केली असल्याचे उघड झाले. त्यांना संसदीय समितीपुढे, कॅमेऱ्यांसमोर उलटतपासणीला सामोरे जावे लागले. काही दिवसांतच, १८ जुलै रोजी घराजवळच्या रानात त्यांचा मृतदेह आढळला. त्यांनी आत्महत्या केली, असा निष्कर्ष लॉर्ड हटन यांच्या चौकशीने काढला.

हटन यांचा अहवाल जानेवारी २००४ मध्ये आला. त्यात गिलिगन यांचा आरोप निराधार ठरवला गेला आणि बीबीसीच्या संपादकीय व्यवस्थेवर ठपका आला. बीबीसीचे अध्यक्ष आणि महासंचालक दोघेही पायउतार झाले. माहिती चुकीची होती ते सरकार टिकले आणि माहितीवर शंका घेणाऱ्या संस्थेचे प्रमुख गेले, याबद्दल ब्रिटनमध्ये मोठी नाराजी उमटली.

त्याच सुमारास अमेरिकेच्या इराक शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी सेनेट समितीपुढे, आपण जवळपास सारेच चुकलो होतो, अशी कबुली दिली. त्यांचे उत्तराधिकारी चार्ल्स ड्युल्फर यांच्या अहवालानुसार, इराकने रासायनिक अस्त्रांचे साठे १९९१ मध्येच नष्ट केले होते आणि अणुकार्यक्रमही तेव्हापासून खालावत गेला होता. निर्बंध उठल्यावर कार्यक्रम पुन्हा सुरू करण्याचा सद्दाम यांचा इरादा होता, असेही त्यात म्हटले होते. मग सद्दाम यांनी पूर्ण पारदर्शकता का दाखवली नाही? आपण निःशस्त्र आहोत हे शेजारच्या इराणला कळू नये म्हणून, असे उत्तर त्या अहवालात सापडते. रिकामी मूठ त्यांनी झाकून ठेवली आणि त्या झाकलेल्या मुठीचीच भीती घालून युद्ध झाले. १९९१ पूर्वीचे जुने, गंजलेले रासायनिक तोफगोळे पुढेही सापडत राहिले. पण युद्धासाठी ज्यांचा दाखला दिला गेला, ती ही अस्त्रे नव्हेत.

चौकशी समित्यांचे निष्कर्ष काय?

सेनेट गुप्तवार्ता समिती, जुलै २००४ : बहुतेक प्रमुख निष्कर्ष उपलब्ध माहितीपेक्षा वाढवून मांडलेले किंवा निराधार होते. सामूहिक गृहीतकाने यंत्रणांना ग्रासले होते. मात्र विश्लेषकांवर निष्कर्ष बदलण्यासाठी दबाव आल्याचा पुरावा नाही.

बटलर समिती, जुलै २००४ : माहितीला पेलवेल त्यापेक्षा अधिक भार तिच्यावर टाकला गेला. ४५ मिनिटांचा दावा त्या स्वरूपात यायला नको होता. पण जाणूनबुजून दिशाभूल केल्याचा पुरावा नाही.

सिल्बरमन-रॉब आयोग, मार्च २००५ : अमेरिकी यंत्रणांचे युद्धपूर्व निष्कर्ष जवळपास पूर्णपणे चुकले. राज्यकर्त्यांनी त्या माहितीचा वापर कसा केला, हे तपासणे मात्र या आयोगाच्या कार्यकक्षेतच नव्हते.

सेनेट समितीचा दुसरा टप्पा, जून २००८ : प्रशासनाची अनेक विधाने तेव्हाच्या गुप्तचर माहितीशी जुळणारी होती. पण इराक-अल-कायदा भागीदारीचे दावे माहितीच्या पलीकडे गेले आणि यंत्रणांमधील मतभेद जनतेपासून झाकले गेले. या अहवालावर समितीतच पक्षीय फूट पडली.

चिलकॉट चौकशी, जुलै २०१६ : सात वर्षे चाललेल्या या चौकशीचा अहवाल १२ खंडांचा आणि सुमारे २६ लाख शब्दांचा आहे. शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्धाचा निर्णय झाला, तो अखेरचा उपाय नव्हता. धोक्याचे चित्र असमर्थनीय खात्रीने मांडले गेले. जुलै २००२ मध्येच ब्लेअर यांनी बुश यांना ‘काहीही झाले तरी तुमच्यासोबत असेन’ अशा आशयाचे पत्र लिहिले होते, हेही त्यातून समोर आले. एका स्रोताने रासायनिक द्रव्ये काचेच्या गोळ्यांत ठेवल्याचे केलेले वर्णन ‘द रॉक’ या हॉलिवूडपटातील दृश्याशी मिळतेजुळते असल्याची शंका ब्रिटिश गुप्तचरांनाच आली होती. ती माहिती औपचारिकपणे मागे घेतली गेली जुलै २००३ मध्ये, युद्ध होऊन गेल्यावर.

मग ही चूक होती की फसवणूक?

यावर तीन मते आहेत. पहिले मत फसवणुकीचे. ते मांडणारे २३ जुलै २००२ च्या लंडनमधील बैठकीच्या फुटलेल्या इतिवृत्ताकडे बोट दाखवतात. अमेरिकेत धोरणाला अनुरूप अशी माहिती जुळवली जात असल्याचे निरीक्षण ब्रिटिश गुप्तचर प्रमुखांनी त्या बैठकीत नोंदवले होते. सर्वसंहारक अस्त्रांचे कारण निवडले गेले ते प्रशासनातील सर्वांचे त्यावर एकमत होऊ शकत होते म्हणून, असे तत्कालीन उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनीही एका मुलाखतीत सांगितले होते.

दुसरे मत प्रामाणिक चुकीचे. सद्दाम यांचा इतिहास, ११ सप्टेंबरनंतरची भीती आणि इतर देशांच्या यंत्रणांचेही तसेच अंदाज पाहता कोणताही नेता हाच निष्कर्ष काढता, असे ब्लेअर आणि बुश यांचे समर्थक म्हणतात. अस्त्रे नाहीत हे ठाऊक असूनही ती आहेत असे सांगितले, असा थेट पुरावा कोणत्याही चौकशीत सापडलेला नाही, हा त्यांचा भक्कम मुद्दा.

तिसरे मत या दोन्हींच्या मधले आहे आणि चौकशांमधून पुढे आलेल्या तपशिलांशी तेच अधिक जुळते. नेत्यांचा अस्त्रांवर विश्वास होता. पण त्या विश्वासाला जेवढा पुरावा हवा होता, तेवढा हाती नव्हता, आणि ही उणीव त्यांनी जनतेपासून लपवली. ‘असावे’चे ‘आहे’ झाले. शंका तळटिपेत गेली आणि खात्री मथळ्यात आली. प्रत्येक टप्प्यावर एखादाच शब्द बदलला. शेवटी त्याचे वजन किती झाले, हे आकडे सांगतात. इराकमध्ये ब्रिटनचे १७९ आणि अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मरण पावले. जुलै २००९ पर्यंत किमान दीड लाख इराकी, तेही बहुतांश सामान्य नागरिक, बळी पडल्याचे चिलकॉट यांनी नमूद केले.

भारताची भूमिका काय होती?

एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरोधात एकमताने ठराव केला. तेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी होते आणि लोकसभेच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी. ठरावातील ‘निंदा’ या हिंदी शब्दाची इंग्रजी छटा कठोर घ्यायची की सौम्य, यावरही बरीच चर्चा झाली. युद्धानंतर इराकमध्ये सुमारे एका डिव्हिजनइतके सैन्य पाठवावे, अशी अमेरिकेची विनंती होती. संबंध सुधारण्याची संधी म्हणून त्याला अनुकूल असलेलेही दिल्लीत होते. मात्र संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवणार नाही, असा निर्णय सरकारने १४ जुलै २००३ रोजी जाहीर केला.

या वादाचे आज महत्त्व काय?

सर्वात मोठा परिणाम विश्वासावर झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियात रासायनिक हल्ला झाल्यावर ब्रिटिश सरकारने लष्करी कारवाईच्या तत्त्वाला मंजुरी मागितली. गुप्तवार्ता समितीचा अंदाजही प्रसिद्ध केला. तरीही ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला. हल्ला खराच झाला होता, पण इराकची सावली सभागृहावर होती. अमेरिकेतही २००८ च्या उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन यांना २००२ मधील आपले युद्धसमर्थक मत महागात पडले. युद्धाला सुरुवातीपासून विरोध करणाऱ्या बराक ओबामा यांना त्याचा फायदा झाला.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक तुलसी गॅबार्ड यांनी, इराण अण्वस्त्र तयार करत नसल्याचा यंत्रणांचा अंदाज सेनेट समितीपुढे मांडला. जूनमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी तो चुकीचा असल्याचे जाहीरपणे म्हटले आणि काही दिवसांतच इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाले. आपल्या साक्षीचा विपर्यास केला गेला, अशी सारवासारव गॅबार्ड यांनी केली. इराकपेक्षा हे चित्र वेगळे आहे. इराणचे युरेनियम समृद्धीकरण खरे होते आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी ते मोजलेही होते. पण २००३ मध्ये युद्धासाठी गुप्तचर माहिती निदान पुढे करावी लागली होती. २०२५ मध्ये ती बाजूला सारूनही युद्ध करता येते, हे दिसले.

गुप्त माहिती उघड करता येत नाही आणि उघड न केलेली माहिती तपासता येत नाही, हा लोकशाहीतील पेच इराकनंतरही सुटलेला नाही. सरकारने ‘आमच्याकडे माहिती आहे’ असे सांगितल्यावर तिचा स्रोत एक की अनेक, त्याला प्रत्यक्ष कोण भेटले, कोणत्या खात्याचे मत वेगळे होते आणि मूळ टिपणातील कोणते शब्द गाळले गेले, एवढे चार प्रश्न संसदेत वेळेवर विचारले जाणे हाच त्यावरचा उपाय उरतो. इराकच्या बाबतीत या चारही प्रश्नांची उत्तरे युद्धापूर्वीच कागदोपत्री होती. ती बाहेर यायला ब्रिटनमध्ये १३ वर्षे लागली.